अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप नव्हे

मे महिन्यात आमच्या घरी दोन कूलर चालतात. एक हॉलच्या खिडकीत आहे, लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना घास लावलेला. तो बाहेरची आग आत ओढतो आणि गार करून देतो. दुसरा माझ्या टेबलावर आहे. तो ही गार झालेली हवा ओढतो आणि तिची पुन्हा आग करून देतो. पहिल्याला कूलर म्हणतात, दुसऱ्याला लॅपटॉप. आवाज दोघांचा सारखाच. त्यातल्या त्यात पहिल्याचं बरं, वीज गेली की तो गप्प तरी होतो. दुसऱ्याला बॅटरी आहे.

"चक्की सुरू झाली वाटतं," आई आतून म्हणते. मी कामाला बसलो हे तिला असं कळतं.

मी घरी बसून भाषांतरं करतो. 'घरी बसून' हे दोन शब्द ऐकले की पुढचं कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. एक मूळ फाइल, एक भाषांतराची, दोन शब्दकोश, उघड्या ठेवलेल्या वीसेक टॅब आणि मागे बारीक आवाजात नाट्यसंगीत, एवढा संसार त्या यंत्रात चालतो. चार वर्षं त्यानं तो निमूटपणे ओढला. यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा धाप लागली. पंखा आधी कण्हायचा, मग घुमायचा, मग विमान धावपट्टीवरून सुटताना येतो तसा आवाज यायचा. फक्त विमान सुटायचं नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवलं की चटका बसायचा. इथे पापड भाजता येईल, असं मी कौतुकानं म्हणालो. बायको म्हणाली, "आधी लाटून दाखवा."

नागपूरच्या उन्हाचं कौतुक बाहेरच्यांना सांगण्यात अर्थ नसतो. पुण्यात ४० झाले की लोक एकमेकांना फोन करतात. आमच्याकडे ४५ ला "यंदा पाहिजे तसं तापलं नाही" असं म्हणायची रीत आहे आणि मे संपता संपता नवतपा लागला की तेही म्हणायचं सोडून लोक तोंडाला दुपट्टा बांधून गप्प बसतात. अशा गावात एखादी वस्तू तापली तर ती बिघडली की गावाशी एकरूप झाली, हे ठरवणंच कठीण.

मुलगी पुण्याला शिकते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, 'खूप तापतो' म्हणजे किती? आकडा सांगा." मग तिनं तिकडूनच माझ्या लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर टाकून दिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक लाल आकडा उगवला. ९१. मग ९४. मग ९८.

घरात बीपीचं मशीन आणल्यावर घरातल्या माणसांचं जे होतं, ते माझं झालं. एक वाक्य झालं की एकदा आकडा बघायचा. क्रियापद सापडलं की ९३, विशेषण अडलं की ९७. नाट्यसंगीत बंद केल्यावर दोन अंश उतरले, तेव्हा मला अपराध्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी आता ठिबक सिंचनाच्या अहवालाचं भाषांतर करत नसून एका रुग्णाच्या उशाशी बसलो आहे.

आई चष्मा लावून आली.

"किती आहे?"

"अठ्ठ्याण्णव."

तिनं कपाळावर ठेवावा तसा झाकणावर हात ठेवला. "अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप नव्हे. साडेअठ्ठ्याण्णवपर्यंत नॉर्मलच धरतात."

"आई, हे सेल्सिअस आहे."

"असेल. शंभरच्या वर गेला की मला उठव. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू."

गंमत म्हणजे आईचा शंभरचा आकडा बरोबर होता. लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ती शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच संपते. तिथवर आला म्हणून तो लगेच जळत नाही. तो काम कमी करतो. दुपारी बारा ते चार अख्खं नागपूर जे करतं, तेच. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतो, रिक्षावाला कडुनिंबाखाली मागच्या सीटवर पाय बाहेर काढून आडवा होतो, कचेरीत साहेब 'आत्ताच उठले' असतात. कुणी बंद नसतं आणि कुणी चालूही नसतं. प्रोसेसरही सेकंदाला तीन अब्ज ठोके देत होता तो एक अब्जावर येतो आणि डोळ्यांवर रुमाल टाकतो. मला वाटत होतं यंत्र म्हातारं झालं. ते वामकुक्षी घेत होतं. तेवढ्यानंही भागलं नाही तर मात्र ते एकदम डोळे मिटतं. माझी ठिबक सिंचनाची साडेतीन पानं अशीच गेली. थेंबाथेंबानं नाही, एकदम.

इतकं तापण्यासारखं त्यात असतं तरी काय? माझ्या प्रोसेसरच्या कागदावर पंधरा वॅट लिहिलं आहे. पंधरा वॅट म्हणजे देवघरातला जुना झिरोचा बल्ब. नावाला झिरो, पण एवढी वीज तो खायचाच. फरक जागेचा आहे. बल्बची उष्णता सगळ्या काचेवर पसरते, इथे ती अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडायला धडपडते. शिवाय कामाची घाई असली की हा तुकडा थोडा वेळ दुप्पट-तिप्पटही खातो. हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत हिशेब मांडला होता की चिप अशाच तापत गेल्या, तर तेवढ्याशा जागेतून निघणारी उष्णता आधी अणुभट्टीला गाठेल, मग रॉकेटच्या शेपटाला आणि २०१५ च्या सुमारास सूर्याच्या पृष्ठभागाला. २००४ मध्ये त्या कंपनीनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला. एकाच कारकुनाला पळवण्याऐवजी दोन कारकून बसवायचे, असं धोरण आलं. त्यामुळे सूर्य टळला. नागपूरला तो आहे तेवढा एक पुरतो.

आजारी माणूस घरात आहे म्हटल्यावर बघायला लोक येतातच.

शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला, पोटावर टिचकी मारली आणि निदान केलं, "भाऊ, याले ऊन लागलं." मग उपाय. "बॅगेत कांदा ठेवा. मी तीस साल लाइनवर फिरलो, खिशात कांदा. झालं का कधी काही?" काकांना काही झालं नाही हे खरंच आहे. मी कांदा ठेवला नाही. बायकोनं ठेवला. पंधरा दिवसांनी बॅग उघडली तर लॅपटॉप होता तसाच होता, कांद्याला मात्र हातभर कोंब आला होता.

अमरावतीचे मामा म्हणाले, "अरे, खालून हवा घेत असेल तो. जरा उचलून ठेव." मी पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं चार कोपऱ्यांखाली सारली आणि आकडा चार अंशांनी उतरला. उपाय फुकटचा असल्यामुळे त्यावर माझा विश्वास बसला नाही. मी अकराशे रुपये देऊन कूलिंग पॅड आणलं. त्याला पाच पंखे आणि निळे दिवे. रात्री टेबलावरून वरात चालल्यासारखं दिसे. पण माझ्या लॅपटॉपच्या पोटाला भोकं होती कोपऱ्यात बोटभर आणि पंखे होते मधोमध, म्हणजे बंद खिडकीवर टेबल फॅन सोडलेला. शिवाय ते पॅड वीज घेणार त्या लॅपटॉपमधूनच. तापानं फणफणलेल्या माणसाच्या हातात पंखा द्यायचा आणि म्हणायचं, घाल स्वतःला वारा. आईला मात्र ते फार आवडलं. तिनं ते गणपतीच्या मखराला राखून ठेवलं आहे.

फ्रीजचं मी सांगणार नव्हतो. पण सांगतो. बंद केलेला लॅपटॉप मी फक्त दहा मिनिटांसाठी आत ठेवला होता, मधल्या कप्प्यात, पालकाच्या जुडीशेजारी. नवव्या मिनिटाला बायको दूध काढायला गेली. ती ओरडली नाही. तिनं दूध काढलं, लॅपटॉप काढला, दार लावलं आणि तो माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "पालक पण टेबलावर आणून ठेवू का?" तेवढ्यात झाकणावर दव धरलं. कूलरच्या ओल्या हवेत गार वस्तू काढली की तिला घाम फुटतो, हे पाण्याच्या तांब्यानं मला लहानपणापासून शिकवलं होतं. बाहेर फुटतो तसा आतही फुटत असणार हे कळायला मात्र वय जावं लागलं. तो लॅपटॉप मी दिवसभर उघडा ठेवून नुसता बघत बसलो.

त्यानंतर तो मांडीवर घेऊन बसायला लागलो. नाव लॅपटॉप आहे, म्हणजे जागा तीच असणार. आठवड्याभरात उजव्या मांडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटले. डॉक्टर म्हणाले, "काश्मिरातून आलात का?" तिकडे हिवाळ्यात फेरनाखाली निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्यांना अशी जाळी उमटते. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर ती लॅपटॉपमुळे उमटलेली डॉक्टरांनी नोंदवली आहे. बर्फाच्या मुलखात एक वेळ समजू शकतो. मे महिन्यात, नागपुरात, स्वतःच्या पैशानं घेतलेली शेगडी मांडीवर घेऊन बसणारा मी पहिलाच असेन. डॉक्टरांनी मलम दिलं नाही, टेबल वापरा म्हणाले.

एके काळी या यंत्रांचा थाट वेगळा होता. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर पाहिला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढायला लागायच्या. आत एसी. अख्ख्या कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीतही एसी नव्हता, तो या यंत्राला होता. आम्ही विद्यार्थी बारा-बाराच्या गटानं, पाय पुसून, आत जायचो, हात मागे बांधून उभे राहायचो आणि गार होऊन बाहेर यायचो. कॉम्प्युटर शिकण्याचा तेवढाच फायदा मला झाला. त्याआधी, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा त्यात हजारोंनी काचेच्या व्हॉल्व्ह होत्या, त्या तापणारच म्हणून थंडाव्याची सोय मुळातच धरलेली. यंत्राला गार खोली द्यायची, माणूस घामाघूम असला तरी चालेल, हा त्या वेळचा शिष्टाचार होता. यंत्र मांडीवर आलं आणि मान गेला. आता त्यानं आमच्याबरोबर ४५ मध्ये राहायचं आणि वर आमची घामोळ्याची पावडर खायची. पावडरीचं पुढे येईलच.

शेवटी मुलीनं दम दिला. "बाबा, सर्व्हिसिंगला द्या. आजच्या आज. कांदा काढून द्या."

मी सकाळी दहाच्या आत बर्डीवर गेलो. सीताबर्डीला नागपुरात कुणी सीताबर्डी म्हणत नाही. जिन्याखाली चार फुटांचं काउंटर, त्यामागे विशीतला एक पोट्टा, कानात एकच इअरफोन. लॅपटॉप हातात घेऊन त्यानं चालू केला, कान लावला आणि दाताच्या डॉक्टरासारखा चेहरा केला.

"काकाजी, आधी कधी खोलला होता?"

"नाही."

"किती साल झाले?"

"चार."

"हव," तो म्हणाला. या एका 'हव'मध्ये विदर्भातला माणूस सहानुभूती, निदान आणि बिलाचा अंदाज, तिन्ही सांगून जातो.

त्यानं तो पालथा घातला. अकरा स्क्रू. त्यातले दोन रबराच्या पायांखाली लपलेले, ते त्यानं नखानं शोधले. प्रत्येक स्क्रू ज्या कोपऱ्यातून निघाला त्याच कोपऱ्यात लोहचुंबकाच्या पत्र्यावर ठेवला, रांगोळीचे ठिपके मांडावेत तसा. मग एक जुनं एटीएम कार्ड फटीत घालून सगळ्या कडेनं फिरवलं. कट-कट-कट आवाज करत तळ सुटला. मी मान वळवली. ओळखीच्या माणसाचं ऑपरेशन बघवत नाही.

"पाहा ना जी," तो म्हणाला, "गोधडी निघाली."

खरंच गोधडीच. पंख्याची हवा ज्या तांब्याच्या बारीक पात्यांतून बाहेर जाते, त्या पात्यांच्या तोंडावर एक करडी पट्टी चिकटलेली होती. बोटभर लांब, मुडप्याएवढी जाड, दोन्ही कडा सरळ. त्यानं चिमट्यानं एक टोक धरून ओढली तर तुटली नाही, सबंध निघून आली. चिकटलेल्या बाजूनं तिच्यावर त्या पात्यांचे उभे वळ उमटले होते. त्यानं ती दिव्याखाली माझ्यापुढे धरली. मी चष्मा वर केला. दोन-तीन पांढरे केस, आईचे. एक हिरवा धागा, तो बायकोच्या दुपट्ट्याचा असावा. लाकडाची बारीक वाकडी काडी, ती कूलरच्या घासेची, शंकाच नाही. उदबत्तीची राख. आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा पांढुरका, सुगंधी थर.

"घामोळ्याची पावडर लावता का काकाजी?"

मी कॉलर नीट केली. आंघोळ झाली की मानेला, छातीला सढळ हातानं पावडर फासून मी तसाच कामाला बसतो. पंखा चालू असतो. चार उन्हाळे. आमच्या घरी उदबत्ती लावली जाते, केस विंचरले जातात, कूलरची घास दरसाल बदलली जाते, हा सगळा वृत्तान्त त्या पट्टीत थरांनी बसला होता आणि कूलरच्या ओल्या हवेनं त्याचा लगदा करून घट्ट थापला होता. 'कूलरसमोर ठेव, गार राहील' हा आईचा सल्ला मी ज्या मनोभावे पाळला, त्याचंही हे फळ.

"पंखा चांगला आहे," पोट्टा म्हणाला. "बिचारा फिरून राहिला होता, पण हवा जाणार कुठून?" त्यानं पंख्याच्या पात्यावर एक बोट दाबून धरलं आणि ब्लोअर मारला. बोट का धरलं म्हणून विचारलं. "नाही तर गरागरा फिरते ना. बेअरिंग जाते." मी घरी सायकलच्या पंपानं त्याच भोकातून हवा मारली होती आणि पंखा गरागरा फिरला तेव्हा टाळी वाजवली होती. हे मी बोललो नाही.

मग त्यानं तांब्याची एक चपटी नळी दाखवली, प्रोसेसरपासून पात्यांपर्यंत गेलेली. मला वाटलं भरीव आहे. "हिच्यात पाणी राहते," तो म्हणाला. मी हसलो. पण तो खरं सांगत होता. हिला हीट पाइप म्हणतात. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ च्या सुमारास ती कामाला लावली आणि हे नाव दिलं. तिच्यात अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, म्हणून ते पाणी फार कमी तापमानाला उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, होताना ती उष्णता उचलते, दुसऱ्या टोकाला पात्यांपाशी जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि उष्णता तिथे उतरवते. मग नळीच्या आतल्या वातीसारख्या अस्तरातून ते पाणी झिरपत परत येतं. वीज नको, पंप नको. म्हणजे माठात जे होतं, कूलरच्या घासेत जे होतं, तेच. पाण्यानं वाफ होता होता ऊब घेऊन जायचं. एवढे दिवस मी ज्याच्यासमोर कूलर लावत होतो, त्याच्या पोटात आधीच एक इवलासा कूलर होता. त्याच्या तोंडावर मात्र आम्ही गोधडी घातली होती.

नळी उचलल्यावर प्रोसेसर दिसला. जगातली एवढी उलाढाल करणारी वस्तू, दिसायला काळ्या टिकलीसारखी. तिच्यावर पानाच्या टपरीवर डब्याच्या कडेला वाळून राहतो तसा चुना होता. "पेस्ट सुकली." त्यानं कापसावर स्पिरिट घेऊन ती पुसली. काळा आरसा लख्ख झाला, त्यात दुकानाची ट्यूबलाइट दिसली. मग सिरिंजमधून राखाडी पेस्टचा एक ठिपका टाकला. मोहरीपेक्षा थोडा मोठा.

"एवढीच?"

"लोक घरी खोलतात अन् श्रीखंडासारखी लावतात," तो म्हणाला. "जास्त लावून काही होत नाही काकाजी. आतली हवा निघाली पाहिजे, बस."

दुकानात मला खरी गोम कळली ती इथे. दोन धातू कितीही गुळगुळीत असले तरी एकमेकांवर ठेवल्यावर मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात आणि फटीत हवा राहते. हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. तांब्यातून उष्णता जेवढी जाते, तिच्या पंधरा हजारावा हिस्सासुद्धा स्तब्ध हवेतून जेमतेम जातो. पेस्ट काही फार मोठी वाहक नाही, ती फक्त त्या हवेला घरातून काढते आणि तिच्या जागी बसते. आता गोधडी कशानं ऊब देते? चिंध्यांनी नाही. चिंध्यांच्या थरांमध्ये कोंडलेल्या हवेनं. मी एका बाजूला हवा मिळावी म्हणून पॅड घेतलं, कूलर लावला, पंप मारला. आणि दुसऱ्या बाजूला...

दुसऱ्या बाजूला काय केलं ते घरी येऊन टेबलाकडे पाहिलं तेव्हा दिसलं. लॅपटॉपच्या जागी, टेबलावर, चौघडी करून ठेवलेली आईची छोटी गोधडी होती. आजीच्या नऊवारीची. टेबलाला चरे पडू नयेत म्हणून की लॅपटॉपला टेबल टोचू नये म्हणून, हे आता कुणालाच आठवत नाही. पण ती पहिल्या दिवसापासून तिथे आहे. मामांची झाकणंदेखील मी तिच्यावरच मांडली होती, ती तिसऱ्या दिवशी तिच्यात रुतली.

यात लॅपटॉपवर कुणाचा राग नाही. आमच्याकडे जी वस्तू आवडती, तिला पांघरूण. मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे. वॉशिंग मशीनला चेनवाला रेनकोट आहे, त्याची चेन अर्ध्यावर अडकल्यामुळे कपडे तिरके घालावे लागतात. रिमोटवरचं प्लॅस्टिक आम्ही कधीच काढलेलं नाही, त्यामुळे 'आवाज कमी'चं बटण कुठे आहे हे ठाऊक नसून फक्त अंदाज आहे. गॅसच्या सिलिंडरला फुलाफुलांचा घागरा आहे. नवीन सोफा आला तेव्हा त्यावर जुन्या चादरी आल्या आणि त्या चादरी मळू नयेत म्हणून पाहुणे आले की त्यावर टॉवेल येतात. सोफ्याचा रंग मरून आहे असं बायको म्हणते. मी पाहिलेला नाही. अशा घरात आलेल्या लॅपटॉपनं मोकळ्या अंगानं राहायचं म्हणजे आईच्या दृष्टीनं त्याची आबाळच. म्हणून रात्री त्यावर टर्कीश टॉवेलही असतो. पुष्कळदा मी तो बंद न करता नुसतं झाकण मिटून झोपतो, तेव्हा आत काही ना काही चालूच असतं. बिचारा टॉवेलखाली रात्रभर उबत असणार.

त्या संध्याकाळी मी गोधडी उचलली आणि त्या जागी जेवायचा पाट ठेवला. पाटाला खाली पाय, वर लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांना चार झाकणं. हवेला यायला-जायला रस्ता. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी महिन्याभरापूर्वी काय सांगितलं होतं?" त्यांनी त्याबद्दल अकराशे रुपये मागितले असते तर मी नक्की ऐकलं असतं. बर्डीवरच्या पोट्ट्यानं घेतले साडेसहाशे, त्यात ती करडी पट्टीही कागदात बांधून दिली, "दाखवा घरी" म्हणून.

रात्री कामाला बसलो. मूळ फाइल, भाषांतराची फाइल, शब्दकोश, वीस टॅब, नाट्यसंगीत. आवाज नाही. म्हणजे नाट्यसंगीताचा होता, पहिल्यांदाच मागचा तबलाही ऐकू आला. कोपऱ्यातला आकडा ६४. मग ६३. थोड्या वेळानं ६१ वर येऊन तो तिथे बसला. मी ठिबक सिंचनाची साडेतीन पानं पुन्हा लिहिली आणि आकड्याकडे फक्त नऊ वेळा पाहिलं.

अकराच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली. अंधारात दारापाशी थांबून तिनं कानोसा घेतला. चक्की नाही. ती जवळ आली, झाकणावर हात ठेवला, लगेच उचलला, पुन्हा ठेवला.

"किती आहे?"

"एकसष्ट," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"एकसष्ट?" तिनं चष्मा लावून स्वतः पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "अरे, हा तर पार गार पडला!"

आणि आत जाऊन ती गोधडी घेऊन आली.